बंद बेट हा पर्यटकांवरचा अन्याय नव्हे

अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत सेल्युलर जेलइतकेच जॉली बॉय बेटाचे नाव हमखास असते. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वंडूर आहे. तिथल्या जेट्टीवरून बोट सुटते. हा परिसर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा. त्यात १५ बेटे आहेत, पण पर्यटकांना जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच, तीही वर्षातून आलटून पालटून पाहता येतात. जेट्टीवर पिशव्या तपासल्या जातात, प्लॅस्टिक नेता येत नाही, बेटावर मुक्काम करता येत नाही. एवढा खर्च करून जाणाऱ्याला हे जाचक वाटणे स्वाभाविक आहे. तरीही नियम सैल करण्याची मागणी चुकीची ठरेल.

कारण पाण्याखाली जे रंगीत खडक दिसतात, ते खडक नसून जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून त्याला बहुतांश अन्न पुरवते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढरे पडते आणि उपाशी राहते. २०१० मध्ये अंदमानच्या प्रवाळांनी हा तडाखा मोठ्या प्रमाणावर सोसला. घट्ट, गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला अनेक वर्षे लागतात.

तापमानवाढ पर्यटकांमुळे होत नाही, मग त्यांनाच का अडवायचे, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर सोपे आहे. तापाने खंगलेल्या रुग्णाच्या खाटेभोवती गर्दी करू नये, तसेच हे आहे. समुद्र थंड करणे वनखात्याच्या हातात नाही. पावले, नांगर आणि कचरा थांबवणे मात्र आहे. विश्रांतीने फरक पडतो, हे थायलंडने दाखवले. एका चित्रपटामुळे प्रसिद्ध झालेला माया बे हा किनारा जून २०१८ मध्ये बंद झाला. जानेवारी २०२२ मध्ये तो मर्यादित संख्येसाठी उघडला, तोवर उथळ पाण्यात शार्क परतले होते.

थायलंडने २०२१ मध्ये सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी रसायने असलेल्या सनस्क्रीनवरही बंदी घातली. प्रयोगशाळेत या रसायनांनी प्रवाळांच्या अळ्यांना इजा होते. खुल्या समुद्रातला परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण त्यासाठी त्वचा होरपळून घेण्याची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि टोपी यांनी उन्हापासून चांगले संरक्षण मिळते, आणि पाण्यात काही विरघळतही नाही. उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यापुरते झिंक ऑक्साइडचे मलम पुरे.

स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभे राहू नये, शिंपला खिशात घालू नये आणि बोटवाल्याला आणखी जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. यंदा बंद असलेले बेट पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेले आहे, एवढे ध्यानात घेतले तरी तक्रारीचा सूर बराच खाली येईल.