विश्लेषण : जुन्या पिकअपला नवे टायर घेताना आधी काय पाहावे?

टोकावडे सोडून मोरोशीकडे निघाले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि थोड्याच वेळात माळशेज घाट सुरू होतो. कल्याण–अहिल्यानगर या राष्ट्रीय महामार्ग ६१ वरून जुन्या पिकअप गाड्या भाजी, भात, पेंढा, सिमेंट, मांडवाचे सामान घेऊन रोज धावतात. दहा-पंधरा वर्षे झालेल्या या गाड्यांचे इंजिन दुरुस्त होते, पाटे बदलले जातात, हौदाला नवा पत्राही बसतो. टायर आणि डिस्क बदलायची वेळ आली की मात्र निर्णय दुकानाच्या दारात, पाच मिनिटांत आणि ‘किती कमी करणार?’ एवढ्या एकाच प्रश्नावर होतो. टायर निवडणे म्हणजे गाडीने किती ओझे वाहायचे आणि ती कुठे थांबायची, हे ठरवणे. त्यामुळे हा निर्णय जरा सविस्तर समजून घ्यायला हवा.

हा प्रश्न आताच का?

टायरवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ५ हजार रुपये किमतीचा टायर धरला, तर तो आधी ६,४०० रुपयांना पडे, आता ५,९०० रुपयांना पडतो. स्टेपनीसह पाच टायरमागे अडीच हजार रुपये वाचतात. नवा टायर परवडत नाही म्हणून जुना किंवा रिमोल्ड घेण्याचे गणित त्यामुळे थोडे बदलले आहे.

दुसरे कारण रस्त्याचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि हा महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. गावातला खडबडीत रस्ता, माळशेजचा ओला उतार आणि समृद्धीचे तापलेले काँक्रीट असे तीन वेगळे रस्ते आता एकाच गाडीच्या वाट्याला येऊ शकतात. टायर मात्र एकच असतो.

टायरवर लिहिलेले आकडे काय सांगतात?

उदाहरण म्हणून ‘२१५/७५ आर १५’ घेऊ. २१५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा डिस्कचा इंचांतला व्यास. काही पिकअपवर ‘७.०० आर १५’ असा जुन्या पद्धतीचा आकार दिसतो. त्यात ७ ही रुंदी इंचांत असते. आकार बहुतेक सगळे पाहतात. त्याच्या पुढचा आकडा मात्र कोणी वाचत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो.

हा आकडा म्हणजे भारांक. भारांक १०० असेल तर तो टायर ठरलेल्या हवेच्या दाबाला ८०० किलो पेलतो. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. ‘११२/११०’ असे दोन आकडे असले, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असतील तेव्हासाठी. शेवटचे अक्षर वेगाचे. ‘एल’ म्हणजे ताशी १२०, ‘एन’ म्हणजे १४०, ‘क्यू’ म्हणजे १६० आणि ‘एस’ म्हणजे १८० किलोमीटरपर्यंत.

आता साधा हिशेब करू. समजा, माल भरल्यावर पिकअपच्या मागच्या आसावर १,८०० किलो भार येतो. म्हणजे एका चाकावर ९०० किलो. तिथे भारांक किमान १०४ हवा. २१५/७५ आर १५ हा आकार प्रवासी जीपसाठी भारांक १०० मध्येही मिळतो. तो डिस्कवर व्यवस्थित बसतो, दिसायलाही सारखाच असतो आणि स्वस्त पडतो. पण तो लावला की नियमात भरलेल्या मालालाही टायर चाकामागे १०० किलोने कमी पडतो. ओळखीच्या जीपवरून उतरवलेले ‘चांगल्या नक्षीचे’ टायर पिकअपला लावण्यातला धोका हाच आहे.

‘जास्त प्लायचा टायर घेतला, आता जास्त माल भरता येईल’ हे खरे का?

नाही. घाटरस्त्यावरचा हा सर्वांत महागडा गैरसमज आहे.

‘८ पीआर’, ‘१० पीआर’ हे टायरच्या ताकदीचे मोजमाप आहे. आजच्या टायरमध्ये तेवढे थर प्रत्यक्षात असतातच असे नाही. ताकदवान टायर फुटायला उशीर लावेल, पण गाडीचा आस, पाटे, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. नोंदणी प्रमाणपत्रावरचे एकूण वजनही तेच राहते. जड टायर लावून दीड टनाची गाडी अडीच टनाची होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. उतारावर ब्रेक तापून बोथट झाले, तर मात्र पावती फाडून सुटका होत नाही.

इथे चालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. भाडे खेपेवर ठरते. व्यापाऱ्याला एकाच खेपेत सगळा माल हवा असतो आणि नाही म्हटले तर पुढची गाडी उभीच असते. म्हणून ‘मजबूत टायर’ हा चालकाने शोधलेला मार्ग आहे. तो चुकीचा आहे, पण त्याला तिथवर ढकलणारे हात वेगळे आहेत. जादा भाराची चर्चा फक्त चालकाच्या नावाने करणे म्हणूनच अर्धवट ठरते.

मोठे टायर आणि रुंद डिस्क लावल्या तर काय बिघडते?

अमेरिकेत जुनी पिकअप ही अनेकांची हौस असते. तिला चकचकीत डिस्क, पांढऱ्या पट्ट्याचे टायर लावून सुट्टीच्या दिवशी मिरवतात. तशी छायाचित्रे मोबाइलवर पाहून इकडेही रुंद डिस्क आणि जाड टायरची हौस वाढली आहे. हौसेला हरकत नाही. पण आपली पिकअप मिरवायला नाही, कमवायला निघते.

२१५/७५ आर १५ टायरची एकूण उंची साधारण ७०३ मिलिमीटर भरते. २३५/७५ आर १५ ची ७३३. हा फरक सुमारे ४ टक्क्यांचा. काटा ६० दाखवत असताना गाडी साडेबासष्टने धावते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चढाला ओढ कमी होते आणि उतारावर गिअरमध्ये गाडी धरून ठेवण्याची इंजिनाची ताकदही तेवढीच घटते. माळशेज उतरताना ज्या आधारावर चालक विसंबतो, तोच सैल होतो.

डिस्कचेही तसेच. रुंद डिस्कमुळे चाक बाहेर आले, की भार बेअरिंगच्या सरळ वर न राहता बाहेरच्या बाजूला सरकतो. बेअरिंग लवकर जाते, स्टेअरिंग जड होते आणि मडगार्डबाहेरचा टायर मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल उडवतो. डिस्क घेताना नटांची संख्या, नटांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप आणि चाक किती आत-बाहेर बसते, या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपला पाच नट असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर असतो. नट पाच आहेत म्हणून दुसऱ्या गाडीची डिस्क बसेलच असे नाही. छिद्रे कानसून मोठी करून बसवलेली डिस्क तर घेऊच नये.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीतल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. बदल नोंदवलेला नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही तो आडवा येऊ शकतो.

लोखंडी डिस्क की अलॉय?

काम करणाऱ्या पिकअपला लोखंडीच. खड्ड्यात आदळली तर ती वाकते, आणि ते दिसते. अलॉयला तडा जातो आणि तो सहज दिसत नाही. अलॉय हलकी असते, दिसायलाही छान असते, पण माल वाहणाऱ्या गाडीसाठी तिचा भारांक वेगळा तपासावा लागतो आणि तिचे नटही अनेकदा वेगळे असतात. मात्र लोखंडी डिस्क कडेला गंजलेली किंवा वेल्डिंग केलेली असेल, तर तिच्यावर नवा ट्यूबलेस टायर चढवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. ‘हवा उतरते ना, मग आत ट्यूब टाका’ हा सल्ला रोग झाकतो. आधी डिस्क बदलावी.

जुन्या मोठ्या गाड्यांच्या सुट्ट्या रिंगच्या डिस्कबाबत जास्त सावध राहावे. हवा भरताना रिंग सुटली तर ती गोळीसारखी उडते. अशा चाकात हवा पिंजऱ्यात ठेवूनच भरावी आणि समोर कोणी उभे राहू नये.

जुना किंवा रिमोल्ड टायर घ्यावा का?

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होतेच. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ‘नवा’ म्हणून मिळालेला टायरही तारीख पाहूनच घ्यावा. शिवाय त्यावर आयएसआय चिन्ह असायलाच हवे. व्यापारी वाहनांच्या टायरसाठीचे भारतीय मानक आयएस १५६३६ हे आहे.

चांगल्या कारखान्यातला रिमोल्ड मागच्या चाकांना चालू शकतो, पुढच्यांना नाही. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने पुन्हा खोबणी कोरून विकलेला टायर मात्र कुठेच लावू नये. ती नक्षी दिसायला नवी असते, तिच्याखाली रबर उरलेले नसते.

पैसे कमी असतील तर चारऐवजी दोन घ्यावेत, पण एका आसावर दोन्ही एकाच आकाराचे, एकाच बनावटीचे. एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर असे करू नये. नवी जोडी पुढे लावायची आपली रीत आहे. पण हलक्या मालवाहू गाडीत ती मागे लावणे बरे. भार मागे असतो आणि ओल्या वळणावर मागची चाके घसरली की गाडी सावरणे कठीण जाते. अर्थात पुढची जोडीही धड हवी. ती गुळगुळीत असेल, तर आधी चारही बदलण्याची तजवीज करावी.

पावसाळ्याआधी काय तपासावे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९४ मध्ये चारचाकीच्या नक्षीसाठी १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा आहे. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा खुणेची अक्षरे असतात. त्या रेषेत खोबणीत पाहिले की रबराचा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. माळशेजच्या पावसात तिथवर वाटच पाहू नये. नक्षीचे काम चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे असते. ते झाले नाही तर चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे जात राहते.

हवा गाडी थंड असताना, दारावरच्या किंवा माहितीपुस्तकातल्या आकड्याप्रमाणे भरावी. मालवाहू टायरचा दाब कारच्या टायरपेक्षा बराच जास्त असतो. कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि शेवटी फुटते. नवे चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. आणि स्टेपनी पाहावी. पावसात, रात्री, घाटाच्या कठड्याशी तिची आठवण येते, तेव्हा तिच्यात हवा नसते.

प्रशासनाने आणि व्यापाऱ्यांनी काय करावे?

समृद्धीवर अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणी सुरू केली आणि खराब टायरच्या गाड्यांना परत पाठवले. द्रुतगती मार्गावर जे जमते, ते घाटाच्या पायथ्याशी का जमू नये? दर मे महिन्यात टोकावड्यासारख्या ठिकाणी परिवहन विभागाने आणि पोलिसांनी दोन-चार दिवस टायर तपासणीचे शिबिर घ्यावे. आधी दंड नको, फक्त नक्षी, तारीख आणि हवा तपासून द्यावी. आठ वर्षांवरच्या व्यापारी गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण ते घेताना लावलेले टायर वर्षभर गाडीवर राहतीलच, याची हमी कोणी देत नाही.

टायर विकणाऱ्याने पावतीवर आकाराबरोबर भारांक आणि निर्मितीची तारीख लिहून द्यावी. दोन आकडे लिहायला काही खर्च येत नाही. आणि माल भरणाऱ्या व्यापाऱ्याने गाडीच्या कागदावर जेवढे वजन आहे तेवढाच माल द्यावा, उरलेल्याची दुसरी खेप करावी.

तोवर गाडीमालकाने एवढे तरी करावे. दुकानात जाण्याआधी गाडीवरच्या पाटीचे आणि नोंदणी प्रमाणपत्राचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवावे. दुकानदाराला भाव विचारण्याआधी ते दाखवावे आणि ‘याला बसणारा भारांक कोणता?’ असे विचारावे. उत्तर न देता तो थेट भाव सांगू लागला, तर दुसरे दुकान पाहावे.