जुलाब, पंच आणि आइस्ड टी

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. नाशिकची ओळख आता गोदाघाट आणि चिवडा यांच्याइतकीच वाइनची आहे. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, त्यालाही पाव शतक झाले. लग्नाच्या स्वागत समारंभात पेयांची यादी हातात येते. घरात मात्र या सगळ्याला शब्द एकच, दारू! तो उच्चारला की बोलणे संपते.

माझे मत असे की, न पिणाऱ्यानेही ही परिभाषा शिकून घ्यावी.

एक तर हे शब्द तितके परके नाहीत. ‘टॉडी’ म्हणजे आपली ताडी. साहेबाने तो शब्द उचलला आणि पुढे गरम पाणी, साखर घातलेल्या मद्याला दिला. ‘पंच’ हा आपल्या पाचातून आला असे बरेच जण मानतात, काहींना ते पटत नाही. पण कंपनी सरकारचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर होता, त्याने हीच व्युत्पत्ती लिहून ठेवली आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे ते पाच. पंचामृताचा वात्रट चुलतभाऊच म्हणा ना! ‘ज्युलेप’ तर फारसी गुलाबातून, म्हणजे गुलाबपाण्यातून निघाला. तोच शब्द अरबीत ‘जुलाब’ झाला. तिकडे त्याचे पुदिना घातलेले थंड पेय झाले, आपल्याकडे काय झाले ते सांगायला नको.

आता कामाचे शब्द. ‘नीट’ म्हणजे पाणी, बर्फ काही न घालता. ‘ऑन द रॉक्स’ म्हणजे बर्फावर ओतलेले. ‘चेसर’ म्हणजे वरून प्यायचे सौम्य पेय. लहान पेग 30 मिली, मोठा 60. ‘सावर’ म्हणजे मद्य, लिंबू आणि साखर. त्यात सोडा घालून उंच ग्लासात दिले की ‘कॉलिन्स’. सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘व्हर्जिन’, म्हणजे मद्याविना. नुसता ‘मोहितो’ मागवला तर त्यात रम असते. ‘व्हर्जिन मोहितो’ म्हणजे पुदिन्याचे लिंबू सरबत.

आणि ‘लाँग आयलंड आइस्ड टी’? त्यात चहाचा थेंब नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि ट्रिपल सेक अशी पाच मद्ये असतात, वर थोडा कोला, म्हणून रंग तेवढा चहाचा. नाव वाचून एखादी मुलगी किंवा एखादे आजोबा गार चहा समजून तो मागवतील, तर दोष कुणाचा? यादी छापणाऱ्याचा आहेच. पण ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प बसलेल्या आपलाही आहे.

‘शिकवलंत तर पोरं बिघडतील’ असे काही जण म्हणतील. पोरांना नावे आधीच ठाऊक असतात, आत काय असते ते ठाऊक नसते. गोडव्यामागे मद्य किती लपले आहे हे जिभेला कळत नाही, मोजावेच लागते. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण लागतात, परवानाही लागतो, हे तरी किती घरांत सांगितले जाते?

असो. पिणे न पिणे ज्याचे त्याने ठरवावे. पण नातवाने ‘ग्लासात काय आहे?’ असे विचारले, तर ‘दारू’ एवढ्यावर न थांबता कोणती, किती आणि कशात मिसळलेली, हे घरातल्या मोठ्यांना सांगता आले पाहिजे.