टाळी कोणी वाजवली?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. वर्गात तुमची चूक झाली की बाई तुम्हाला जागेवर उभं करतात ना? मग आज बाईच उभ्या राहिल्यात असं समजा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि माझ्या चौथीच्या वर्गातली बावीस मुलं, मदतीला आलेले तीन पालक, सगळ्यांत मिळून एक दुर्बीण आणि मी, अशी आमची वरात ठाणे खाडीच्या काठी जाऊन पोचली. नवी मुंबईच्या बाजूला एक जुना बांध आहे, थेट खाडीच्या तोंडाशी जाणारा. दोन्ही अंगांना तिवरांची झाडी आणि मधे मोकळं पाणी. मुलांना मी आठवडाभर सांगत होते, "थंडीतले पाहुणे बघायला जायचंय. सायबेरियातून आलेत!" त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर काय काय होतं ते विचारूच नका.

आणि प्रत्यक्षात काय दिसलं? पाणी काठोकाठ भरलेलं. समोरच्या बुटक्या बांधावर शे-दोनशे करडे-तपकिरी पक्षी एका रांगेत बसलेले. बहुतेक जण एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. हालचाल म्हणून नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मुलं चुळबुळायला लागली. डबे उघडायची भाषा सुरू झाली. शेवटी एक मुलगा म्हणालाच, "बाई, हे तर झोपलेत! उडवून दाखवा ना!"

आणि मी टाळी वाजवली.

खरं सांगते, दृश्य अप्रतिम होतं. सगळा थवा एकदम उठला, आकाशात एक वळण घेतलं, क्षणात पांढरा दिसला, क्षणात करडा. मुलांनी आनंदाने आरोळी ठोकली. थवा फिरून पुन्हा बांधावर बसला. "पुन्हा, बाई, पुन्हा!" मी पुन्हा टाळी वाजवली. मग मुलांनीही वाजवली. असं तीनदा झालं.

बांधावरून एक कोळी आजोबा येत होते. खांद्यावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं. ते आमच्याजवळ थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, ती पाखरं झोपा नाही काढत. वाट बघतायत."

"कसली वाट?" मी विचारलं.

"पानी उतरायची. त्यांचं ताट पान्याखाली आहे आत्ता. दीड-दोन वाजल्यावर चिखल उघडा पडंल, तेव्हा जेवतील. तवर बसू द्या बिचाऱ्यांना. उपाशी मानसाला कोन पळायला लावतं का?"

मुलं गप्प. मी त्याहून गप्प. बावीस मुलांसमोर बाईंना धडा मिळत होता आणि तो अगदी बरोबर होता. त्या दिवशी आम्ही डबे खाऊन परतलो. पण घरी गेल्यावर मी पुस्तकं काढून बसले, कारण सोमवारी वर्गात प्रश्न येणार हे ठाऊक होतं.

आता ती मंडळी कोण होती ते सांगते. त्यात बरेचसे छोटे टिलवे होते. इंग्रजी पुस्तकांत त्यांना लिटल स्टिंट म्हणतात. चिमणीएवढा जीव. वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे साखर! हा इवलासा पक्षी उन्हाळ्यात थेट उत्तर ध्रुवाजवळच्या सायबेरियात अंडी घालतो आणि तिथे बर्फ पडायला लागायच्या आधी हजारो किलोमीटर उडत आपल्याकडे येतो. सोबत चिखल्या होते, लाल पायांचे टिलवे होते, आणि उंच, लांब सरळ चोचीचे थोडे मालगुजे.

या सगळ्यांचं जेवण खाडीच्या चिखलात असतं. आपल्याला खाडीचा चिखल म्हणजे काळा, वास मारणारा राडा वाटतो. पण त्यात बारीक किडे, गांडुळांसारखे समुद्री जीव, शंखशिंपल्या, खेकड्यांची पिल्लं खच्चून भरलेली असतात. गंमत म्हणजे एवढ्या गर्दीत पक्ष्यांची जेवणावरून फारशी भांडणं होत नाहीत. चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्यांनी बघतो, तुरुतुरु पळतो, थांबतो आणि वरवरचं टिपतो. मालगुजा आपली लांब चोच खोल खुपसतो. त्याच्या चोचीच्या टोकाला इतकी तीव्र जाणीव असते की आत काय हललं ते न बघताही त्याला कळतं. इतकंच काय, चोच चिखलात रुतलेली असताना फक्त तिचं टोक उघडून तो किडा पकडू शकतो. उचाट्याची चोच वर वळलेली. तो पातळ चिखलात ती डावी-उजवीकडे फिरवतो, कोयत्याने गवत कापावं तशी. एकच ताट, पण प्रत्येकाचा घास वेगळा.

मात्र हे ताट चोवीस तास वाढलेलं नसतं. आजोबा म्हणाले तेच खरं. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास लागतात, म्हणजे दिवसाकाठी दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. यांचं घड्याळ सूर्यावर नाही, पाण्यावर चालतं. ओहोटी मध्यरात्री आली तर यातले कितीतरी पक्षी मध्यरात्री जेवतात. आणि भरतीच्या वेळी काय करतात? एका पायावर उभं राहून, चोच पिसांत घालून अंगातली ऊब राखतात. उघड्या पायांतून आणि चोचीतून उष्णता निघून जाते ना, म्हणून. ज्याला आम्ही झोप समजलो ती काटकसर होती.

ही काटकसर कशासाठी? परतीच्या प्रवासासाठी. मार्च-एप्रिलमध्ये यांना पुन्हा उत्तरेकडे जायचं असतं. निघण्यापूर्वी खाऊन खाऊन काही जातींचे पक्षी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. ती चरबी म्हणजे त्यांचं पेट्रोल. मालगुजाच्याच एका भाऊबंदाची गोष्ट ऐका. त्याच्या शेपटीवर पट्टे असतात, म्हणून इंग्रजीत त्याला बार-टेल्ड गॉडविट म्हणतात. २०२२ साली शास्त्रज्ञांनी अलास्कामध्ये अशा एका पक्ष्याच्या अंगावर छोटं यंत्र बसवलं होतं. तो तिथून उडाला तो थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. १३,५६० किलोमीटर! अकरा दिवस, मधे एकदाही न थांबता. आणि त्याचं वय होतं फक्त पाच महिने. खाली सगळा महासागर. हे पक्षी बदकांसारखे पाण्यावर तरंगून विसावा घेत नाहीत, त्यामुळे वाटेत पेट्रोल संपलं तर संपलंच.

आता हिशेब करा. आम्ही त्या थव्याला तीनदा उडवलं. प्रत्येक वेळी थोडं थोडं पेट्रोल जळलं. आमच्यानंतर कोणी आलं असेल आणि त्यानेही फोटोसाठी उडवलं असेल. रविवारी आणखी कोणी. पक्ष्याला आपली टाळी कळत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की शिकारी आला. कारण भोवत्या नावाचा शिकारी पक्षी खाडीवरून घिरट्या घालत येतो, तेव्हाही ते असेच एकदम उठतात. आमच्या आरोळ्या आणि भोवत्याची झडप त्यांच्या लेखी एकच.

(पालकांसाठी एक ओळ. हातात मोबाईल असला की "जरा उडव रे, व्हिडिओ छान येईल" असं आपणच म्हणतो. मी म्हटलं नव्हतं, पण केलं तेच. तेव्हा हे उपदेश म्हणून लिहीत नाहीये.)

सोमवारी मी वर्गात हे सगळं सांगितलं. मग ज्याने "उडवून दाखवा" म्हटलं होतं त्यानेच विचारलं, "बाई, पण पाणी कधी उतरणार हे आपल्याला आधी कसं कळणार?" प्रश्न बिनतोड होता. उत्तर कोळीवाड्यातल्या एका मुलीकडे तयार होतं. तिच्या घरी सगळ्यांना पाठ असलेला हिशेब तिने फळ्यावर मांडला. तुम्हीही वही घ्या.

भिंतीवरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघा. शुक्ल असो की कृष्ण, फक्त आकडा घ्या. त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. समजा चतुर्थी आहे. चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि पहाटेही तीनच्या सुमाराला. भरतीपासून सहा तास पुढे-मागे गेलात की ओहोटी. म्हणजे संकष्टीला सकाळी नऊला चिखल उघडा! अष्टमीला? आठ पाऊण सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, भर दुपारी ओहोटी. पाऊणकी हल्ली शाळेत पाठ करून घेत नाहीत, पण तुमच्या आजी-आजोबांना येत असेल. म्हणायला सांगा, ते खूश होतील. हा हिशेब ढोबळ आहे बरं का. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. होडीत बसायचं असेल तर पक्कं वेळापत्रकच बघायचं.

त्याच हिशेबाने आम्ही फेब्रुवारीत पुन्हा गेलो. तिथी निवडली एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. नऊ वाजता बांधावर पोचलो, तेव्हा पाणी नुकतं उतरायला लागलं होतं आणि पाहुणे तसेच एका पायावर उभे होते. या वेळी आम्ही खूप लांब, तिवरांच्या आडोशाला बसलो. मुलांनी एक नियम स्वतःच ठरवला होता. पक्ष्यांनी चोची बाहेर काढून माना उंच केल्या किंवा ते दुसरीकडे चालायला लागले, की आपण मागे सरकायचं. एकदा खरंच सरकावं लागलं, कारण कोणाची तरी पाण्याची बाटली खणकन पडली.

दहाच्या सुमाराला चिखलाची पहिली काळी पट्टी दिसली. एका टिलव्याने दुसरा पाय खाली टेकवला. पंख ताणले. मग दुसऱ्याने. आणि मग कोणीही टाळी न वाजवता सगळा थवा आपण होऊन उठला आणि चिखलावर उतरला. मुलांनी तोंडावर हात दाबून धरले होते. शिलाई मशीनची सुई चालावी तशा चोची चालू झाल्या. एक जण एका टिलव्याचे टोचे मोजायला बसला आणि तीसच्या पुढे हिशेब चुकला म्हणून हिरमुसला. दुसरी म्हणाली, "बाई, हा चावतच नाही! याला कोणी रागावत नाही का?"

रोहित पक्षी दिसले का, असं तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे. हो, दिसले, पण लांबवर, गुलाबी रेघेसारखे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीत ते मोठ्या संख्येने थंडीत येतात आणि पाऊस लागेपर्यंत मुक्काम करतात. छोट्या रोहिताचं मुख्य अन्न म्हणजे चिखल-पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. चोच उलटी करून, पाणी गाळून तो ते खातो आणि त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच गुलाबी होतो. पिल्लू असताना मात्र करडं असतं. याच खाडीचा भाग २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीतही तिचं नाव आलं. रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळ जागा वाचवण्याचा करार १९७१ मध्ये तिथे झाला, म्हणून हे नाव. ऐरोलीला वनविभागाचं माहिती केंद्र आहे आणि तिथून भरतीच्या वेळा पाहून होडीची फेरीही निघते. पण रोहित एवढे देखणे की त्यांच्या पायाशी फिरणाऱ्या पंचवीस ग्रॅमच्या पाहुण्यांकडे कोणी बघतच नाही. म्हणून आजचा लेख त्यांच्या वाट्याला दिला.

ते कोळी आजोबा त्या दिवशीही भेटले. मुलांनी त्यांना टोचे मोजल्याचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "आता उधानाला या. अमावास्येला. तेव्हा ताट आणखी मोठं असतं." अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तितकंच खूप उतरतं, म्हणून.

तुमच्या गावाजवळ खाडी असेल, मग ती मुंबईची असो, दाभोळची असो की गोव्यातल्या मांडवीची, तर या थंडीत एकदा जा. मोठं माणूस बरोबर हवंच, आणि चिखलात उतरायचं नाही. तिथी, वेळ, पाणी चढत होतं की उतरत होतं, आणि कोण काय करत होतं, एवढं लिहून मला पाठवा. पोस्टकार्ड चालेल. पक्ष्याचं नाव आलं नाही तर चोचीचं चित्र काढा, नाव आपण मिळून शोधू.