बॅकलॉगचा मालक कोण?

बॅकलॉग हा शब्द आंबेडकरी चळवळीला कोणी शिकवण्याची गरज नाही. राखीव जागांचा बॅकलॉग भरा, या मागणीसाठी आम्ही विद्यार्थिदशेपासून अमरावतीच्या इर्विन चौकातून मोर्चे काढले, जिल्हा कचेरीसमोर धरणे दिले. विदर्भाचा बॅकलॉगही आमच्या रोजच्या बोलण्यातला. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्राचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यात विदर्भाचा हिस्सा सुमारे ३९ टक्के निघाला. सिंचनाचा अनुशेष तर अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या चार जिल्ह्यांच्या पाचवीलाच पुजलेला. थोडक्यात, बॅकलॉग म्हणजे दुसऱ्याने थकवलेले आपले देणे, हाच अर्थ आम्हाला ठाऊक होता.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ आम्ही गेल्या पावसाळ्यात शिकलो. तो समाजातील शिकलेल्या तरुणांपर्यंत जावा म्हणून हा लेख.

अकोल्याची एक मुलगी संगणक अभियंता आहे. पुण्याच्या एका कंपनीचे टेस्टिंगचे काम करते. दुसऱ्याने तयार केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे तिचे काम. पुढे जायचे असेल तर 'प्रॉडक्ट ओनर'चे प्रशिक्षण घे, असे तिला सांगण्यात आले. दोन दिवसांच्या वर्गाची फी ऐकून तिच्या वडिलांना घाम फुटला. तिने आम्हाला फोन केला, "वकीलसाहेब, एवढे पैसे टाकू काय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. कोर्टात बावीस वर्षे काढलेल्या माणसाला या धंद्यातले काय कळणार? पण ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून तिच्याबरोबर आम्हीही नाव नोंदवले. वर्ग ऑनलाइन होता. शनिवारी पहाटे ती एसटीने अमरावतीला आली आणि आमच्या अभ्यासिकेत एका टेबलावर दोन लॅपटॉप मांडून आम्ही बसलो. वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरने लाज राखली.

आता हे प्रकरण काय आहे, ते साध्या भाषेत सांगतो. पूर्वी सॉफ्टवेअर करताना आधी सगळा आराखडा कागदावर लिहीत, मग वर्ष दोन वर्षे काम चाले आणि शेवटी ग्राहक म्हणे, मला हे नकोच होते. याला कंटाळलेले सतरा जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. त्याला ॲजाइल म्हणतात, म्हणजे चपळ. सतराही पुरुष होते, हेही नोंदवून ठेवू. काम लहान तुकड्यांत करा, वापरणाऱ्याला लवकर दाखवा, तो काय म्हणतो ते ऐका आणि बदला, हे त्याचे सार. स्क्रम ही त्यातली सर्वाधिक चालणारी पद्धत. तिच्यात फार तर एक महिन्याचा टप्पा असतो. टप्पा संपला की झालेले काम दाखवायचे आणि मग सर्वांनी मिळून आपले काय चुकले ते बोलायचे. वर्षावासाच्या शेवटी भिक्षू एकमेकांना आपले दोष दाखवण्याची विनंती करतात, त्या प्रवारणेची आम्हाला आठवण झाली.

या पद्धतीत करायच्या सर्व कामांची एकच यादी असते. तिचे नाव प्रॉडक्ट बॅकलॉग. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा क्रम ठरवण्याची जबाबदारी एकट्या माणसाची असते, समितीची नव्हे. तोच प्रॉडक्ट ओनर. काम कसे करायचे आणि एका टप्प्यात किती घ्यायचे, हे करणारे ठरवतात. पण आधी काय करायचे, हे तो ठरवतो. यादीच्या तळाशी जे पडते ते बहुधा कधीच होत नाही. हे ऐकताच ती मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे आपलाच अनुशेष होय ना हा?"

होय. फरक एवढाच, की आजवर आपण त्या यादीतली नोंद होतो. क्रम लावणारा हात दुसऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सराव होता. पाच पाच जणांचे गट पाडले आणि शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची सोय करायची आहे असे समजून यादी बनवा, असे सांगितले. गटातील मुंबई-पुण्याच्या मंडळींनी पटापट कामे लिहिली. सुंदर मुखपृष्ठ, बोटाच्या ठशाने प्रवेश, रंग बदलण्याची सोय. आमच्या मुलीने एकच ओळ लिहिली. विद्यार्थी म्हणून मला माझ्या अर्जात नेमकी कोणती त्रुटी आहे ते मराठीत एका वाक्यात कळावे, म्हणजे मला तालुक्याला दुसरी खेप पडणार नाही. गटाने ती ओळ अकराव्या क्रमांकावर टाकली. असली तर बरी, नसली तरी चालेल, असे एक जण म्हणाला. तेव्हा ती बोलू लागली. तेल्हाऱ्याच्या नेट कॅफेत आपण स्वतः कशा रांगेत उभ्या होतो, "अर्ज परत" एवढेच दिसायचे आणि कारण कळायचे नाही, बापाची एका दिवसाची मजुरी कशी बुडायची, हे तिने सांगितले. शिकवणाऱ्याने मध्ये पडून गटाला विचारले, रंग बदलता आला नाही म्हणून कोणाचे शिक्षण सुटेल काय? ती ओळ दुसऱ्या क्रमांकावर आली. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण खरी आहे, पण कळणारा माणूस यादीजवळ बसलेला असावा लागतो.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झाले आणि गिनेस बुकात नोंद झाली. आमची ही मुलगी त्याच रस्त्याने आली. वऱ्हाडात हातांचा वेग कमी पडतो असे कोणी म्हणू शकणार नाही. पण कोणता रस्ता आधी, कोणत्या वस्तीचा नंतर आणि कोणत्या पांदणीचा कधीच नाही, हे डांबर टाकणारा ठरवत नसतो.

येथे आमचे काही सहकारी म्हणतील, हे भांडवलदारांच्या चाकरीचे शिक्षण आहे, आपण आरक्षणासाठी लढावे. लढलेच पाहिजे. घटनेचे कलम १६(४) राज्याच्या सेवेपुरते आहे. २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने कलम १५(५) आले आणि खासगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशाला आधार मिळाला, पण खासगी नोकरीचा दरवाजा कायद्याने अजून उघडलेला नाही. त्या दारात काय घडते, हे अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली दाखवून दिले. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाची त्याहून कमी. म्हणून लढाई दोन्हीकडची आहे. बाहेरून कायद्यासाठी आणि आतून खुर्चीसाठी.

बाबासाहेबांना हे फार आधी दिसले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आपल्या लोकांना फारसा उपयोग नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, अशी मांडणी त्यांनी त्यात केली आणि त्यासाठी परदेशी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. आम्ही काळा कोट घालणारी माणसे ते पान जरा भरभर उलटतो. यापुढे तसे करता येणार नाही.

मात्र तरुणांची फसवणूकही होता कामा नये. दोन दिवसांत कोणी प्रॉडक्ट ओनर होत नाही आणि प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. स्क्रम अलायन्सच्या प्राथमिक प्रमाणपत्रासाठी वर्गाची हजेरी लागते आणि दर दोन वर्षांनी पैसे भरून ते नवे करावे लागते. स्क्रम डॉट ऑर्गची परीक्षा मात्र वर्ग न करताही देता येते, त्यात ८५ टक्के गुण लागतात आणि ते प्रमाणपत्र नवे करावे लागत नाही. या पद्धतीची मूळ पुस्तिका, स्क्रम गाइड, फुकट मिळते आणि छोटी आहे. ती आधी वाचा. कर्ज काढून, आईची पोत गहाण ठेवून वर्गाला जाऊ नका. आमच्या मुलीला आम्ही हेच सांगितले, की तुझे पैसे वाया गेले नाहीत, पण तुझ्यामागून येणाऱ्यांनी परीक्षेचा स्वस्त रस्ता धरावा.

बार्टीने स्पर्धा परीक्षांचे, बँकेचे, पोलीस भरतीचे वर्ग चालवले. त्याच धर्तीवर अमरावती आणि अकोल्यात हे शिक्षण मराठीतून, किमान तीन महिने, प्रत्यक्ष कामासह द्यावे, ही आमची सामाजिक न्याय विभागाकडे मागणी आहे. पुण्या-मुंबईत आणि बंगळुरूत आयटीत स्थिरावलेल्या आमच्या बांधवांनी महिन्यातले दोन रविवार गावाकडच्या एका अभ्यासिकेला द्यावेत. हप्ते, फ्लॅट आणि गाडी यांच्या यादीत समाज कितव्या क्रमांकावर आहे, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

आणि हाच प्रश्न आपल्या मंडळांनाही आहे. आपल्याकडे समित्या पुष्कळ, पण यादीला जबाबदार माणूस एकही नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब काढून पाहा. डीजे पहिल्या क्रमांकावर आणि अभ्यासिकेची पुस्तके तळाशी. ती यादी कोणा मनुवाद्याने लिहिलेली नाही, ती आपल्याच हातची आहे. मग ती बदलायला कोणाच्या परवानगीची वाट पाहायची?

रविवारी रात्री ती मुलगी अकोल्याला परत निघाली. तिचा प्रॉडक्ट ओनर होण्याचा रस्ता अजून लांब आहे. पण जाताना तिने अभ्यासिकेच्या फळ्यावर कामांची यादी लिहून ठेवली. पहिल्या क्रमांकावर इन्व्हर्टरची नवी बॅटरी आहे. ती आम्ही या आठवड्यात आणत आहोत. जयभीम!