तेलाचे टन आणि खाडीचा हिशेब

समुद्रात तेल सांडल्याची वार्ता आली की पहिला प्रश्न विचारला जातो तो किती टन सांडले, हा. प्रश्न स्वाभाविक असला तरी धोक्याचे माप म्हणून तो फारसा उपयोगाचा नाही. जानेवारी १९९३ मध्ये शेटलंड बेटांच्या किनाऱ्यावर 'ब्रेअर' हे टँकर फुटून सुमारे ८५ हजार टन क्रूड तेल समुद्रात गेले. १९८९ साली अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डीझ'मधून सांडलेले तेल त्याच्या निम्म्याहूनही कमी, ३७ हजार टनांच्या आसपास होते. तरीही अडीच लाखांच्या घरात समुद्रपक्षी मेले, असा अंदाज आहे तो अलास्कातला. 'ब्रेअर'चे तेल हलके होते आणि वादळाने ते पाण्यात विखरून टाकले. अलास्कातील तेल तुलनेने जड, आणि ते थंड, बंदिस्त उपसागराच्या किनाऱ्याला चिकटून बसले. तेलाची जात, वारा, ऋतू आणि किनाऱ्याचा प्रकार ध्यानात घेतल्यावाचून टनांच्या आकड्याला अर्थ येत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली. सांडलेले तेल सुमारे ८०० टन. अलास्काच्या मानाने क्षुल्लकच. पण ते जहाजाच्या इंजिनात जळणारे घट्ट इंधन होते आणि भरतीबरोबर ते खाड्यांतील तिवरांत शिरले. वाळूवरचे तेल फावड्याने उचलता येते. तिवरांची श्वासमुळे मात्र चिखलातून वर आलेली असतात; त्यांच्यावर थर बसला की झाड गुदमरते. सफाईसाठी माणसे उतरवावीत, तर पायांखाली मुळे मोडतात आणि तेल चिखलात अधिक खोल जाते. याच मुळांच्या आसऱ्याने कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. म्हणजे आजचा तवंग पुढच्या हंगामाच्या जाळ्यात उतरतो.

या हानीची किंमत कशी करावयाची? अलास्काच्या प्रकरणात अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन कुटुंबांनाच विचारले की, असा दुसरा अपघात टळावा म्हणून तुम्ही किती पैसे द्याल? उत्तरांची बेरीज २८० कोटी डॉलर झाली. या पद्धतीवर इतके वादंग माजले की केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्यांच्या समितीला तिची छाननी करावी लागली. १९९३ मध्ये समितीने कडक अटी घालून ती ग्राह्य मानली. कंपनीने त्याआधीच, १९९१ मध्ये, ९० कोटी डॉलरवर दिवाणी तडजोड केली होती.

आपल्याकडे वादच निराळा आहे. २०११ साली मुंबईजवळ बुडालेल्या 'रॅक' या कोळसावाहू जहाजाच्या प्रकरणी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजमालकांना १०० कोटी रुपये भरपाई ठोठावली. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा ३' बुडाल्यावर केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा उच्च न्यायालयात केला. एका राज्याचा दावा आणि एका न्यायाधिकरणाचा निवाडा यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे, हे मान्य. पण या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्या मोजपट्टीने भरावयाचे?

हानी म्हणजे अपघातापूर्वीची स्थिती वजा नंतरची स्थिती. ही पूर्वीची स्थिती खाडीवार लिहून ठेवलेली नसेल, तर वजाबाकी कशातून करणार? ओहोटीला चिखलात उतरून कालवे काढणाऱ्या कोळणीजवळ रोजच्या कमाईची पावती नसते. विमा कंपनीचा वकील मात्र पावतीच मागतो. तिवरांची गणना, कोळंबीच्या पिल्लांची मोजणी आणि मासळीबाजारांतील आवक या नोंदी शांत वर्षांतच करावयाच्या असतात. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनाही हे काम सोपविता येईल. त्याला लागणारा पैसा एका दिवसाच्या सफाईखर्चाशी ताडून पाहण्यास हरकत नाही.