राखणदारांचा नकाशा

अंबाझरी, फुटाळा, सक्करदरा, नाईक तलाव. नागपूरच्या नकाशावर तलाव ठळक दिसतात, त्यांची राखण करणारी माणसं दिसत नाहीत. विसर्जनाच्या दिवशी फुटाळ्यावर निर्माल्य वेगळं काढणारे ग्रीन व्हिजिल या पर्यावरण संस्थेचे स्वयंसेवक असोत, की २०२१मध्ये अजनी वनातल्या झाडांसाठी उभे राहिलेले नागरिक, त्यांच्या कामाची एकत्र नोंद हवी.

न्यूयॉर्कमध्ये २००७ साली अमेरिकी वनसेवेच्या संशोधकांनी अशा गटांना विचारलं: तुम्ही नेमकं कुठे आणि कुणासोबत काम करता? त्या उत्तरांमधून नकाशा तयार झाला. असा नकाशा कुठे अनेक हात राबतात आणि कुठे एकही नाही, हे दाखवतो.

नागपुरात २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. नदीचा काठ रोज पाहणारी माणसं कुठे आहेत, हे अशा वेळी प्रशासनाला ठाऊक असायलाच हवं.

महापालिका, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि महाविद्यालयांनी मिळून नागपूरचा असा नकाशा करण्याचं काम हाती घ्यावं. त्यात वस्तीतली विहीर जपणाऱ्या महिला मंडळाला नोंदणीकृत संस्थेइतकंच मानाचं स्थान असावं.