मासवडी, रस्सा आणि स्लीव्ह

जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की मासवडी-रस्सा होतो आणि तिसऱ्या वाढणीला ‘एवढंच?’ हा प्रश्न कुणाला चुकत नाही. म्हणूनच मंचर-नारायणगावचा माणूस पुण्याच्या दवाखान्यात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ‘स्लीव्ह की बायपास’ विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ताटच असतं. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढतात, उरते केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये जठराची इवलीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. शेजाऱ्याला स्लीव्ह मानवली म्हणून आपणही तीच, हा टोमॅटोच्या वाणाचा हिशोब इथे चालत नाही. (टोमॅटोतही तो किती चालतो, ते नारायणगावच्या बाजारात विचारा!) छातीतली जळजळ जुनी असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते. तिथे आणि मुरलेल्या मधुमेहातही डॉक्टरांचा कल बहुधा बायपासकडे असतो. पण बायपासनंतर पुरणपोळीसारखं गोड अंगावर येऊ शकतं, म्हणजे घाम, धडधड, जुलाब. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. स्लीव्हवाल्यांनीही फार खूश होऊ नये, त्यांनाही त्या सुटत नाहीत. आधी एंडोस्कोपी करणार का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि यात्रेत आग्रह कोण आवरणार, हे घरी.